खंडेनवमीचे हात

गुरूने आपले कौशल्य शिष्याला द्यावे, हे उचितच आहे. परंतु त्या कौशल्याबरोबर गुरूच्या सवयी, त्याचे संकोच आणि त्याच्या संसारातील लहानसहान मायाही शिष्याच्या देहात उतरू लागल्या, तर त्याला दान म्हणावे की आणखी काही, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला नसावा. त्यांच्या काळी देणे आणि घेणे यांच्या मध्ये वर्षे होती. त्या वर्षांत शिष्य चुकत असे, रुसत असे, गुरूचे काही टाकून देत असे आणि स्वतःचे काही मिळवीत असे. ती वर्षे एका यंत्राने मधून काढून घेतली, आणि मग माळवडीच्या तांत्रिक विद्यालयात जे घडले, त्यात दुष्ट असा कोणीच नव्हता. सर्वांचे हेतू शुद्ध होते. म्हणूनच ही हकीकत सांगणे कठीण जाते.

माळवडी हे वारणेच्या काठचे गाव. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळी बहुतेक वस्तू यंत्रेच घडवीत. परंतु यंत्र बिघडले म्हणजे त्याचा नवा सांधा घासून बसवताना शेवटचा केसभर भाग माणसाच्याच हाताला कळे. असे हात दुर्मीळ झाले होते. गावच्या विद्यालयात नववीपासून मुलामुलींना गणित आणि भाषा यांच्या जोडीने जोडारीचे काम शिकवले जाई, आणि ते शिकवणारे रघुनाथ पांचाळ यांचे नाव दूरदूरच्या कारखान्यांत आदराने घेतले जाई. त्यांची पद्धत एकच होती. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळून द्यायचा, हातात कानस द्यायची आणि सांगायचे, याची एक बाजू सपाट कर. झाली असे वाटले की तुकडा खिडकीशी न्यायचा, त्यावर काटकोनी गुण्या टेकवायचा आणि मधून उजेड झिरपतो का ते पाहायचे. झिरपला, तर परत शेगड्याकडे. सर रागावत नसत. "उजेड अजून आहे," एवढेच म्हणत. काही मुलांचे पहिले वर्ष त्या एकाच तुकड्यावर सरे, आणि कंटाळून शाळा सोडणारेही पुष्कळ निघत.

या गळतीने मुख्याध्यापक इनामदार व्यथित असत. गरिबाघरची मुले, हाताला कौशल्य लागले तर त्यांचे आयुष्य मार्गी लागेल, आणि ती तर उंबरठ्यावरूनच परत जातात, असे ते पुनःपुन्हा म्हणत. म्हणून एका संशोधनसंस्थेने आपले नवे साधन शाळेला देऊ केले, तेव्हा त्यांनी ते प्रसाद घ्यावा तसे घेतले. त्या साधनाचे नाव करबंध. मुले त्याला नुसती 'बाही' म्हणत.

त्याचे तत्त्व अवघड नाही. हात हलतो तो मज्जातंतूंतून येणाऱ्या सूक्ष्म विद्युत्-आज्ञांनी. कोणता स्नायू केव्हा आवळायचा, किती आवळायचा आणि केव्हा सैल सोडायचा, हे मस्तकाच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू दीर्घ सरावाने निश्चित करतो. एकदा निश्चित झाले की मनाला त्याची वार्ताही राहत नाही. करबंध ही केसाहून बारीक तारांची विणलेली बाही होती. निष्णात माणसाने ती दोन्ही हातांत घालून काम केले, की त्या आज्ञांचा ठसा तिच्यात उमटे. पुढे तशीच बाही विद्यार्थ्याला घालून त्या आज्ञा उलट वाटेने, हाताकडून मेंदूकडे पाठवीत; त्याच वेळी डोक्यामागे बांधलेल्या चकतीतून चुंबकीय स्पंदने देऊन लहान मेंदूची जुनी घडी किंचित सैल करीत. कुंभार माती मळून घेतो, तसेच ते होते. प्रथम हात आपोआप हलल्यासारखा वाटे. मग आपण आणि हात बरोबरीने हलतो आहोत असे वाटे. पुढे निराळे असे काही वाटतच नसे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. हाताला 'कर' अशाच आज्ञा जातात असे नाही. 'थांब' अशाही जातात. तापल्या तव्यावरून हात मागे येतो, तो आपल्याला कळण्याआधी येतो. ही थांबण्याची आज्ञा करण्याच्या आज्ञेहून कितीतरी प्रबळ असते, आणि म्हणून ठशातही ती खोल उमटे. संशोधकांना हे ठाऊक होते. त्यायोगे मुलांचे अपघात टळतील, असा त्यांचा हिशेब होता, आणि पुष्कळ अंशी ते टळलेही.

पांचाळ सरांनी बाही वर्षभर घातली. ती कार्यशाळेपुरती घालावी, असा नियम होता. पण सर घरीही ती उतरवीत नसत. जोडाऱ्याचा हात संध्याकाळी रजेवर जात नाही, असे म्हणून ते हसत. त्या वर्षाच्या अखेरीस, जेवून विसावलेले असताना, त्यांचे हृदय थांबले. आपल्या हाताचा ठसा पत्नीच्या संमतीखेरीज शाळेबाहेर जाऊ नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी इनामदारांजवळ सांगून ठेवली होती.

त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. तरुणपणी त्यांचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला होता. रघुनाथरावांनी यंत्र उघडून तो सोडवला. हात वाचला, पण बोटांतले बळ गेले. तेव्हापासून घरात एक रीत पडली. चहाचा कप ठेवायचा तो मनोरमाबाईंच्या डाव्या बाजूला, आणि कपाचा कान त्यांच्याकडे वळवून. या रीतीविषयी नवराबायकोत कधी एक शब्द झाला नाही. रघुनाथराव कप ठेवीत, मनोरमाबाई उचलीत.

सरांच्या पश्चात पहिल्यांदाच त्या शाळेत गेल्या, तेव्हा बाही घालून शिकलेला दहावीचा वर्ग काम करीत होता. दारातच त्यांचे पाऊल अडखळले. सर्व कानशींचा आवाज एक होता. तीन लांब घासे, मग विसावा, आणि त्या विसाव्यात वर्गातील सगळी मुले एकदम खाली वाकून लोखंडावरचा कीस फुंकीत होती. हातांच्या लयीमागे श्वासही आला होता, आणि एकच श्वास इतक्या तोंडांतून येत होता. तो श्वास मनोरमाबाईंच्या ओळखीचा होता.

बसवराज तेली नावाचा उंच, बडबडा मुलगा त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. इनामदारांशी काही बोलत बोलत त्याने कप ठेवला, तो डाव्या बाजूला; आणि दोन बोटांनी त्याचा कान बाईंकडे वळवला. पाणी आणणाऱ्या मुलीने पेला डावीकडेच ठेवला. चिवड्याची बशी आणणाऱ्याने चमचा डावीकडे फिरवला. कोणाचेही लक्ष आपल्या हाताकडे नव्हते.

बाईंनी हळूच विचारले, तुला हे कोणी सांगितले? बसवराज आपल्या हाताकडे पाहत राहिला आणि मग हसला. "सरांचा हात आहे, काकू. घरी भाकरीसुद्धा गुण्या लावल्यागत मोडतोय. आई म्हणते, तुझा हात कामाला लागला, आता तू कधी लागणार?"

वर्ग हसला. मनोरमाबाईही हसल्या. घरी येऊन त्या देवापुढे बसल्या आणि पुष्कळ वेळ उठल्या नाहीत. मृत्यूने नेलेले थोडेसे परत दिले आहे, असे त्यांना वाटले. आणि जे परत मिळते त्याच्याकडे माणूस संशयाने पाहत नाही.

मग त्या दर शनिवारी शाळेत जाऊ लागल्या. एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत. फडके चार घड्या घालून ठेवणारा हात, कानशीची मूठ पकडण्याआधी अंगठा तर्जनीवर घासणारा हात, लोखंडाची धार तळव्याने जोखणारा हात. चेहरे निरनिराळे, वये कोवळी, आणि मनगटाखाली सर्वत्र तेच एक माणूस. पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाला त्याचे भय वाटले असते. बाईंना वाटत नव्हते.

त्या वर्गात अरुंधती कोष्टी नावाची एक मुलगी होती. अबोल, कामात तत्पर. जन्मतः डावखुरी असल्यामुळे तिच्या डाव्या हातावर ठसा बसलाच नाही. तिथे तिची स्वतःची घडी इतकी पक्की होती की स्पंदनांनीही ती सैल झाली नाही. उजव्यावर मात्र तो पूर्णपणे उतरला. भाद्रपद सरता सरता एका दुपारी ती मनोरमाबाईंच्या घरी आली. बाईंनी चहा केला, आणि आग्रह न करता तिला बोलू दिले.

तिचे सांगणे थोडे होते. घरात लहानपणापासून शिकवण होती की सकाळी डोळे उघडताच आपले तळहात पाहावेत, मग जमिनीला पाय लावावा. ती अजून पाहते. "डावा माझा असतो, काकू," ती म्हणाली. "उजव्याकडं बघितलं की वाटतं, तोच उठून माझ्याकडं बघतोय." धाकट्या बहिणीची वेणी ती रोज घाली, आता उजवा हात केसांत गेला की पेड सोडून देतो आणि पाहुण्यासारखा पडून राहतो. बहीण आता तिच्याकडून वेणी घालून घेत नाही. तिचे म्हणणे असे, की ताईच्या हातात कुणीतरी आजोबा बसले आहेत.

ती मागायला आली होती ते हे. संस्थेजवळ 'उलगडा' म्हणून एक प्रक्रिया होती. मूळ ठसा उलट क्रमाने फिरवून विद्यार्थ्याच्या मेंदूतील घडी मोडता येत असे. पण त्यासाठी ठशाच्या वारसाची अनुज्ञा लागे, आणि ज्या ठशाचा एकदा उलगडा मागितला गेला तो सदोष समजून कायमचा बंद करावा, असा नियम होता. म्हणजे अरुंधतीला तिचा हात परत द्यायचा, तर रघुनाथरावांचा हात जगातून पुसायचा. इकडे इनामदारांनी बाईंकडे नेमकी उलट विनंती केली होती. हा ठसा राज्यातील सर्व तांत्रिक शाळांना द्यावा, ही संस्थेची इच्छा होती. बाईंनी दसऱ्याच्या मुहूर्तावर होकार देण्याचे ठरवले होते. हजारो मुलांचे हात. त्या विचाराने त्यांना झोपेतही समाधान वाटे.

मनोरमाबाई ऐकत होत्या, पण त्यांची दृष्टी मुलीच्या मुखावर नव्हती. बोलता बोलता अरुंधतीच्या उजव्या हाताने बाईंचा कप उचलून डावीकडे सरकवला होता आणि कान फिरवला होता. बाई त्या हाताकडे पाहत राहिल्या.

"सवय होईल, बाळ," त्या म्हणाल्या. "संसारातही पहिल्यांदा सगळं परकं वाटतं."

अरुंधतीने आपला उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर घेतला, आणि ती उठली. जाताना तिने वाकून नमस्कार केला. त्यात राग नव्हता. त्यामुळेच पुढे कित्येक दिवस तो नमस्कार बाईंना आठवत राहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारे धुऊनपुसून मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचे, फूल वाहायचे आणि दिवसभर त्यांना विसावा द्यायचा, ही आपल्याकडील सर्व कारागिरांची रीत. पांचाळ सर तिला प्राणापलीकडे जपत. ज्या हत्याराला कुंकू लागले, त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत बोट लावायचे नाही. चुकून हात गेलाच तर तो तिथल्या तिथे मागे घेऊन नमस्कार करायचा. बाही घातलेल्या वर्षीही हा दिवस आला होता आणि गेला होता.

कार्यशाळा झेंडूच्या माळांनी सजली होती. वीज बंद ठेवली होती. कानशी, हातोड्या, छिन्न्या पांढऱ्या वस्त्रावर ओळीने मांडल्या होत्या. शेगड्यांना, ऐरणीला, कोपऱ्यातल्या, हाताने फिरवायच्या दाबयंत्राच्या दांड्यालाही कुंकवाची बोटे ओढली होती. हे दाबयंत्र म्हणजे लोखंडाची एक उंच चौकट. तिच्या माथ्यावर दोन्ही टोकांना जड गोळे असलेला आडवा दांडा असे, आणि तो फिरवला की मधला स्क्रू वेगाने खाली उतरून पत्र्यावर दाब देई. दांडा आपोआप फिरू नये म्हणून एक खुंटी असे. ती पूजेच्या पुसापुशीत कोणी काढून ठेवली होती आणि पुन्हा घालायची राहिली होती.

पूजा झाली. इनामदार आणि इतर शिक्षक संस्थेच्या पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेले. आत मुले होती आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मनोरमाबाई. दाबयंत्राला माळ घालायची राहिली, हे बसवराजच्या ध्यानात आले. उंच होताच तो. डावा हात यंत्राच्या कुंकू न लागलेल्या बैठकीवर टेकवून तो वर झाला आणि उजव्या हाताने माळ फेकली. माळ दांड्याच्या टोकात अडकली. त्याने ती ओढली, दांडा फिरला, गोळ्यांच्या भाराने वेग घेतला, आणि स्क्रू त्याच्या बोटांवर उतरला.

तो ओरडला नाही. ओरडण्याइतका श्वास त्याच्यात उरला नव्हता. दांडा उलट फिरवला की सुटका होती. एवढेच करायचे होते. जवळची मुले धावली. दोघे दांड्यापाशी पोचले, त्यांचे हात वर गेले, आणि कुंकवाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबले.

थांबले, मागे आले, आणि जुळले.

मागून येणाऱ्यांचेही तेच झाले. कोणी धावत येई, हात पुढे करी, आणि तो हात अर्ध्या वाटेवरून परत फिरून दुसऱ्याला मिळे. क्षणात त्या यंत्राभोवती हात जोडून उभ्या असलेल्या मुलांचे कडे तयार झाले. त्यांचे चेहरे रडत होते, एक जण स्वतःच्या हातांना शिव्या देत होता. आणि छातीशी जुळलेले ते हात शांत, स्थिर, पूजेत असावेत तसे होते. खांदा लावावा, पायाने ढकलावे, हे भयाने गोठलेल्या त्या मुलांना सुचले नाही. बसवराजचा मोकळा उजवा हात दांड्याकडे गेला. तोही थांबला. मग तो हळूहळू वळला आणि ज्या यंत्राने त्याची बोटे धरली होती, त्यालाच वंदन करून बसवराजच्या कपाळाशी जाऊन टेकला.

मनोरमाबाई उठल्या होत्या. त्या वाकल्या देहाने त्या कड्यातून आत शिरल्या आणि डाव्या हाताने दांडा धरून ओढू लागल्या. दांडा हलला नाही. उजवा हात त्यांनी मदतीला घातला. त्यात बळ नव्हते. आणि तेव्हा त्यांना आठवले, आपला हा हात ज्या दिवशी सापडला तो दिवस कोणता होता.

तो खंडेनवमीचाच दिवस होता. नव्या सुनेने गुरांना वैरण घालायची म्हणून यंत्राला हात घातला होता. अंगणात रघुनाथरावांची हत्यारे नुकतीच पूजली होती. त्या किंचाळल्या, आणि रघुनाथराव ओल्या कुंकवाचा पाना तसाच उचलून धावले. यंत्र उघडताना त्यांच्या बोटांवरचे कुंकू बाईंच्या मनगटाला लागले, रक्तात मिसळले, आणि दवाखान्यातल्या परिचारिकेला कोणते काय ते ओळखता येईना. रात्री सासूबाईंनी हलकेच विचारले होते, पूजलेल्या हत्याराला हात लावलास? त्यावर रघुनाथराव म्हणाले होते, "आधी हात लावला, आई. नमस्कार नंतर केला."

बाईंच्या शेजारी आणखी एक हात येऊन दांड्याला लागला. तो अरुंधतीचा डावा हात होता. उजवा तिने पदराला गाठ मारावी तसा ओढणीत गुंडाळून पाठीशी दाबून धरला होता. डावा हात म्हातारीचा, डावा हात मुलीचा. दोघींनी अंगाचा सगळा भार दिला. दांडा करकरला, बोटभर फिरला, आणि मग गोळ्यांच्याच भाराने उलटा गेला. बसवराज खाली कोसळला. त्याच्याभोवतीचे जुळलेले हात तेव्हा कुठे सुटले, आणि ती मुले जमिनीवर बसून मोठ्याने रडू लागली.

बसवराजची दोन बोटे मोडली होती. ती पुढे सांधली, किंचित वाकडी राहिली.

इनामदार त्या संध्याकाळी मनोरमाबाईंच्या घरी आले. एका दिवसात ते कित्येक वर्षांचे थकल्यासारखे दिसत होते. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. खुंटीची चूक शाळेची, असे स्वतःच म्हणाले. मग संस्थेच्या लोकांचे म्हणणे त्यांनी सांगितले. ठशातील तेवढा नमस्कार शोधून पुसता येईल. एवढ्या एका गोष्टीपायी सरांची सगळी विद्या बुडवू नये.

 मनोरमाबाईंनी आपला उजवा हात पुढे केला आणि तो कसा वाचला ते सांगितले. एका वर्षाचा ठसा होता, त्या वर्षी असा प्रसंग आला नाही, म्हणून यंत्राला रघुनाथरावांचे थांबणेच दिसले. थांबू नये केव्हा, हे त्यांच्या हातात नव्हतेच. ते त्यांच्यात होते, आणि ते त्यांच्याबरोबर गेले.

"आज नमस्कार सापडला," त्या म्हणाल्या. "उद्या आणखी काही सापडेल, तेव्हा तिथं डावा हात कोणाचा असेल? मी या हातांना त्यांचे हात समजत होते, इनामदार. ते तिथं असते, तर त्या मुलाला सोडवायला इतका वेळ लागला नसता."

दसऱ्याला होकार द्यायचा, तो त्यांनी उलगड्यासाठी दिला.

हा निर्णय सर्वांना मानवला असे नाही. काही मुलांचे पालक घरी येऊन भांडले. हाताला मिळालेली विद्या परत घेणारी ही कोण, असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. ज्यांना आपल्या हातांतला ठसा ठेवायचा होता, त्यांनी तो ठेवला. त्यांतली काही मुले आज चांगल्या कारखान्यांत आहेत, आणि खंडेनवमीला त्यांना यंत्रापासून दूर बसवतात. बसवराज हाताला पट्टी बांधून चार दिवस विचार करीत राहिला. मग तो बाईंकडे आला आणि त्याने विचारले, म्हणजे परत पहिल्या तुकड्यापासून? बाई म्हणाल्या, हो. तो उसासून म्हणाला की आईला सांगावे लागेल, हात कामावरून निघाला. पण उलगड्यासाठी दुसऱ्या दिवशी रांगेत तोही होता. मूळ ठसा त्यानंतर बंद झाला.

शिशिर संपत आला, तेव्हा मनोरमाबाई पुन्हा एकदा शाळेत गेल्या. दारातच त्या थांबल्या. कानशींचा आवाज येत होता. कोणाची कानस घाईची, कोणाची रडतखडत, कोणाची मध्येच घसरणारी. कीस फुंकायला कोणी वाकत होते, कोणी बोटाने झटकत होते, आणि त्याबद्दल नव्या शिक्षकांची बोलणी खात होते. रघुनाथराव तिथे नव्हते. बाईंनी दाराची चौकट धरली, आणि मग आत गेल्या.

अरुंधती खिडकीशी उभी होती. तिने आपला तुकडा वर धरला होता, त्यावर गुण्या टेकवला होता, आणि एक डोळा मिटून ती पाहत होती. लोखंड आणि गुण्या यांच्यामधून उन्हाची एक बारीक रेघ तिच्या गालावर पडली होती.

"उजेड अजून आहे," ती स्वतःशीच म्हणाली. तिला ते शब्द कोणाचे हे आठवले असावे. कारण तिने मागे वळून पाहिले, आणि बाईंना पाहून ती ओशाळून हसली.

ती चहा घेऊन आली. धाकट्या बहिणीची वेणी ती आता पुन्हा घालते, जरा तिरकी येते, असे तिने सांगितले. सांगत सांगत तिने कप बाईंच्या उजव्या बाजूला ठेवला. कान पलीकडे होता.

मनोरमाबाई त्या कपाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डावा हात मेजावरून लांब नेला, कप स्वतःच वळवला आणि उचलला. थोडा चहा बशीत सांडला. अरुंधतीला काही कळले नाही, आणि बाईंनी कळू दिले नाही. तोच हात त्यांनी नंतर तिच्या मस्तकावर ठेवला.

त्या मुलीचे दोन्ही हात तिचे राहोत. वाकड्या बोटांच्या त्या मुलाच्या आईची थट्टा कायम राहो. जे सद्हेतूने चुकले, त्यांना पुढील सद्हेतू सावधपणे सुचोत. आणि ज्या हातांनी एकदा आधी धाव घेतली आणि नमस्कार नंतर केला, त्यांना, ते जेथे असतील तेथे, विसावा लाभो.